मूळ आणि प्रत जुळत नाही

त्यांचं खरं आडनाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा कुरियरवाला त्यांच्या नावाचं पाकीट घेऊन आला आणि त्याने चार दुकानं पालथी घातली, तरी असा कुणी माणूस इथे राहतो हे कबूल करायला कुणी तयार होईना. शेवटी त्याने विचारलं, "डीव्हीडीच्या कॉप्या काढून देतात ते?" तेव्हा इस्त्रीवाला वैतागला. "अहो, मग पडताळेकाका म्हणा की! उगाच काय नाव-गाव वाचून दाखवताय?"

हे आडनाव त्यांना वाडवडिलांकडून मिळालेलं नव्हतं, स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं होतं. कुलूप लावलं की काका ते तीनदा ओढून बघत. मग चार पावलं जाऊन परत येत आणि चौथ्यांदा ओढत. पत्र पेटीत टाकलं की पेटीच्या फटीतून आत डोकावत. काकू म्हणायच्या, "लग्नाला हो म्हणून गेले आणि तासाभराने परत आले. मला वाटलं काही विसरले. तर दारातूनच विचारतात, नक्की ना?" हे सांगताना काकू हसायच्या, पण चाळीस वर्षं अशा माणसाबरोबर काढणं हे काही खायचं काम नाही.

दुकान जिन्याखाली होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पूर्वी काका तिथे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देत. कॅसेटी गेल्या, डीव्हीडी आल्या. मग डीव्हीडीही गेल्या आणि लोक सगळं फोनात ठेवायला लागले. काकांचं दुकान तेवढं राहिलं, कारण घरोघरच्या कपाटात लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं अजून चकत्यांवर पडून होती, आणि चकती अडकायला लागली की लोकांना काका आठवत. एक जुना कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, तीन ड्राइव्ह आणि कोऱ्या डिस्कांचे डबे एवढाच त्यांचा संसार. कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. "चांगला चाललाय, त्याला कशाला जगाची हवा लावायची?" असं ते म्हणत.

त्यांचे नियम मात्र पक्के होते. डिस्क लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये सेटिंगचं एक पान असतं आणि त्यावर बारके चौकोन असतात. 'लिहून झाल्यावर पडताळणी करा' या चौकोनातली खूण काकांनी वीस वर्षांत कधी काढली नव्हती. 'काम संपल्यावर तात्पुरती फाईल पुसून टाका' इथेही खूण असायचीच. दुसऱ्याच्या घरातली माणसं आपल्या कॉम्प्युटरमध्ये ठेवून घेऊ नयेत, असं त्यांचं मत होतं. आणि पडताळणीत एखादी प्रत नापास झाली, तर टेबलाच्या खणातली मोठी कात्री काढून ती तिथल्या तिथे मधोमध कापायची. नासकी प्रत चुकून कुणाच्या हाती लागायला नको. या नियमांचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही होता.

समोरच्या बाजूला कपडे शिवणारी एक बाई होती. वय चाळीसच्या आसपास. सगळे तिला टेलरताई म्हणत. काकांच्या पँटी तीच वरखाली करून देई. बोलायला फटकळ, पण शिलाई अशी की उसवायला गेलं तर कापड फाटेल, टाका सुटणार नाही. एका सोमवारी ती कागदी पाकिटात एक डिस्क घेऊन आली आणि ती काकांच्या हातात लवकर देईना.

"आईची आहे," ती म्हणाली. "एकच आहे. हिच्याशिवाय तिचा आवाज कुठेही नाही. अशा डिस्का दहाबारा वर्षांत आपोआप खराब होतात म्हणे?"

"होतात. नीट चालते ना अजून?"

"काय माहीत. अकरा वर्षांत मी लावलीच नाही." तिने पाकीट टेबलावर ठेवलं. "धाडस झालं नाही. पण खराब झाली तर मी कुठे जाऊ? दोन प्रती करा. आणि काका, जपून."

काकांनी डिस्क उजेडात तिरपी धरून पाहिली. एक ओरखडा नव्हता. ते म्हणाले, "तू निश्चिंत जा. पडताळल्याशिवाय मी काही देत नाही."

ती गेल्यावर त्यांनी डिस्क लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. तोही त्यांचा नियमच होता. बावीस मिनिटांचं चित्रण. एक खोली, एक खिडकी, हलणारा पडदा. साठीची एक बाई पलंगाच्या कडेला बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मधून मधून कॅमेऱ्याकडे बघून "पुरे गं आता, माझं काय काढतेस?" म्हणत होती. एकविसाव्या मिनिटाला ती उठली, पिशवी घेतली, दारात जाऊन "येते हं" म्हणाली. कॅमेऱ्यामागून कुणीतरी "हं" केलं. बाई निघून गेली. मग रिकामी खोली थोडा वेळ दिसली आणि चित्रण संपलं. अगदी साधी गोष्ट. चहा पिऊन काकांनी कामाला सुरुवात केली.

पहिली प्रत नीट लिहिली गेली. मग पडताळणीची पट्टी पुढे सरकू लागली आणि शेवटाकडे जाऊन थांबली. खाली ओळ आली: मूळ आणि प्रत जुळत नाही.

काकांना त्याचं विशेष वाटलं नाही. कोऱ्या डिस्का हल्ली भिकार येतात. त्यांनी प्रत कापली, दुसऱ्या डब्यातली डिस्क घेतली आणि वेग आठवरून चारवर आणला. पुन्हा तेच. दुसरीही कापली. तिसऱ्या वेळी वेग दोनवर, व्हायरस शोधणारा प्रोग्राम बंद, स्क्रीन आपोआप झोपायची सोय बंद, वाचायचा ड्राइव्ह बदलला, तारही बदलली. आता एका प्रतीला पाऊण तास लागत होता. काका पट्टीकडे डोळे लावून बसले. दूध उतू जायची वाट बघावी तसे. जुळत नाही. चौथ्या वेळी 'वाचता न आलेला भाग सोडून द्या' या चौकोनातली खूण काढली, म्हणजे वाचण्यात अडचण असेल तर प्रोग्राम तिथेच थांबून सांगेल. तो कुठेच थांबला नाही. वाचायला काहीच अडचण नव्हती. सगळं स्वच्छ वाचलं, स्वच्छ लिहिलं, आणि तरीही जुळत नाही.

चौथी प्रत कापताना त्यांचा हात जरासा थबकला. कात्री लावायच्या आत, कधी नव्हे ते, त्यांनी कुठे जुळत नाही ते पाहिलं. आधी फक्त शेवटचा तुकडा जुळत नव्हता. आता जवळजवळ निम्मी डिस्क जुळत नव्हती. पण नियम म्हणजे नियम. कट्.

मंगळवारी सकाळी त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका वेडगळ होता की त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. आजवर ते प्रतीवर संशय घेत होते. मूळ डिस्कवर कुणी कधी संशय घेतं का? त्यांनी तात्पुरती फाईल पुसण्याची खूण काढली. कोरी डिस्क बाजूला ठेवली. मूळ डिस्क एकदा वाचून तिची फाईल कॉम्प्युटरमध्ये घेतली. मग तीच डिस्क, तोच ड्राइव्ह, तीच तार, आणि पुन्हा एकदा वाचून दुसरी फाईल. दोन्ही फायलींचा आकार एका अक्षराचाही फरक न पडता सारखा. त्यांनी दोन्ही फायली एकमेकींशी ताडून पाहिल्या.

जुळत नव्हत्या.

दोन स्क्रीनवर दोन फायली लावल्या. डावीकडे बाई चादरीची घडी घालत होती. उजवीकडेही. पण उजवीकडची एकच चादर झाली आणि पहिलं मिनिट संपायच्या आत ती उठली, पिशवी घेतली, दारात गेली आणि म्हणाली, "येते हं." डावीकडची तिसऱ्या मिनिटाला उठली. तिनेही दारात जाऊन तेच म्हटलं. आणि मग दोघीही गेल्या नाहीत. एक हात चौकटीला धरून, मान वळवून, कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडदा हलत होता. बाई उभीच. बावीस मिनिटं संपेपर्यंत उभीच.

काल ती एकविसाव्या मिनिटाला उठली होती आणि निघून गेली होती. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे प्रत्येक वाचनाला ती थोडी थोडी आधी उठत होती आणि दारातला वेळ वाढत होता. त्यांनी बोटांवर मोजलं. एकदा पाहिली. चार वेळा प्रत काढली. पण प्रत काढणं म्हणजे एकदा वाचणं आणि पडताळणं म्हणजे पुन्हा एकदा वाचणं. त्याचे झाले आठ. नंतर या दोन फायली. अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा केवळ काकांच्या जिवाला स्वस्थता हवी म्हणून.

आणि मग त्यांची नजर टेबलाखालच्या डब्याकडे गेली. तिथे चार प्रतींचे आठ तुकडे पडले होते. त्या प्रती बरोबर होत्या. वाचलं त्या क्षणी जे होतं, तेच त्यांच्यावर लिहिलं गेलं होतं. पहिल्या प्रतीत बाई निदान अठरा-एकोणीस मिनिटं तरी पलंगावर बसून चादरी घडी करत असेल, "माझं काय काढतेस" म्हणत असेल. बदलत होतं ते मूळ. आणि काकांनी खरी माणसं कापून टाकली होती, आपल्या स्वच्छ कारभाराच्या नावाखाली. त्यांनी दोन तुकडे एकमेकांना लावून धरले. लहान मुलासारखे. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि ते खाली ठेवले.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या तेव्हा काकांनी दोन्ही चित्रं थांबवून ठेवली होती. काकूंनी डबा ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

"ही कोण? टेलरताईची आई का?"

"हो."

"कुणाची वाट बघतेय?"

"चित्र थांबवलंय गं. वाट कसली बघतेय?"

"थांबवलंय?" काकू पुढे झाल्या. "अहो, मग ती पाय का बदलतेय?"

काकांनी पाहिलं. पडदा हवेत फुगलेला तसाच थिजला होता. कोपऱ्यातले आकडे थांबले होते. आणि दारातल्या बाईने हळूच भार उजव्या पायावरून डाव्या पायावर घेतला. मग दुसऱ्या स्क्रीनवरच्या बाईनेही घेतला.

काकूंनी काकांचा हात धरला होता, हे काकांच्या नंतर लक्षात आलं.

"काय म्हणाली ही?" काकूंनी विचारलं.

"येते हं, म्हणाली."

"आणि घरातलं कोण काय म्हणालं?"

"काही नाही. हं केलं कुणीतरी."

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "येते म्हटल्यावर आतून कुणी 'ये' नको म्हणायला? त्याशिवाय पाऊल निघतं होय? मी रोज येते म्हणून निघते, तुमची मान त्या पट्टीतून वर येत नाही. मीच आपली माझ्या मनाशी 'ये' म्हणते आणि जिना उतरते. सगळ्यांना नाही जमत ते."

डबा तसाच राहिला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी टेलरताईला हाक मारली.

त्यांनी काही लपवलं नाही. प्रती कशा काढल्या, कशा कापल्या, सगळं सांगितलं. सांगताना सेटिंगचं पान उघडून चौकोनही दाखवले, जणू तिला त्यातलं काही कळणार होतं. ती आधी शांतपणे ऐकत होती. कात्रीचं नाव निघालं तशी ती उठून उभी राहिली.

"कापल्यात? माझी आई कापलीत?"

"चुकलं माझं."

"काका, मी रोज कापड कापते. कापायच्या आधी दहादा मोजते. आणि तुम्ही? दहादा मोजलंत, आणि माप चुकतंय म्हणून कापडच कापलंत?" तिचा आवाज फाटला. "एकच होती हो. सांगितलं होतं ना तुम्हाला, एकच आहे म्हणून!"

काका खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दाखवा. काय उरलंय ते दाखवा."

काकांनी उजवीकडची स्क्रीन तिच्याकडे वळवली. अकरा वर्षांनी तिने आईला पाहिलं. पलंगावर नाही, घडी घालताना नाही. आई सुरुवातीपासूनच दारात होती. सकाळी एक चादर तरी झाली होती; आता तीही नव्हती. फाईल त्यांनी मधल्या वेळात उघडलीसुद्धा नव्हती. हात चौकटीवर, पिशवी खांद्याला, नजर सरळ समोर. दुकानात टेलरताई डावीकडे सरकली, तशी ती नजरही सरकली.

टेलरताई घाबरली नाही. निदान तसं दिसलं नाही. ती स्टुलावर बसली आणि स्क्रीनकडे बघत बोलू लागली, काकांशी की आणखी कुणाशी ते सांगणं कठीण होतं.

"कॅमेरा नवीन होता. मी आणि दादाने मिळून घेतला होता. माझा पांढरा दोरा संपला होता, मीच म्हटलं, आणून देतेस का. ती येते म्हणाली. मी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. हं केलं नुसतं. कोपऱ्यावर ट्रकने..." ती थांबली. "तिच्या पिशवीत दोरा होता. दोन रिळं. एक जास्तीचं घेतलं होतं तिने."

काका कसेबसे म्हणाले, "ऐक माझं. ही फाईल आहे तशी डिस्कवर घालून देतो. पडताळणी काढून टाकतो. पुन्हा वाचायचीच नाही. उभी आहे, पण आहे. हिला आता काही होणार नाही. तुला हवं तेव्हा बघता येईल." आणि त्यांनी खरोखरच माऊस सरकवून तो चौकोन कोरा केला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

टेलरताईने त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं, मग आईकडे. चित्र थांबवलेलं होतं. आईने भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला.

"म्हणजे माझ्याकडे राहील."

"राहील."

"अशीच."

"अशीच."

"तिचे गुडघे दुखायचे, काका," ती म्हणाली. "भाजीच्या रांगेत दहा मिनिटं उभी राहिली तरी रात्री मी तेल चोळायचे. अकरा वर्षं झाली. अजून किती वेळ उभी ठेवू तिला?"

बाहेर इस्त्रीवाला कुणाशी तरी हसत बोलत होता. टेलरताई स्टुलावरून उठली, स्क्रीनजवळ गेली. इतकी जवळ की तिचा श्वास काचेवर उमटला. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा शब्द आलाच नाही. मग आला.

"ये, आई," ती म्हणाली. "सावकाश ये. घाई नाही दोऱ्याची."

थांबवलेल्या चित्रात आईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. हसू म्हणावं इतकं मोठं नव्हतं ते. तिने चौकटीवरचा हात काढला, पिशवी सारखी केली, वळली आणि गेली. दुसऱ्या स्क्रीनवरचीही गेली. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू आली. ती स्पीकरमधून आली की त्यांच्याच डोक्यावरच्या जिन्यावरून, हे काकांनी वर जाऊन पाहिलं नाही. मग दोन्हीकडे खोली उरली, मग दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या. काकांनी फायली पाहिल्या. दोन्हींचा आकार शून्य होता. ड्राइव्हमध्ये मूळ डिस्क होती. प्रोग्रामने खाली ओळ दाखवली: कोरी डिस्क, लिहिण्यास तयार. एकदा लिहून बंद केलेली डिस्क कोरी होत नसते. काकांचा हात सवयीने पुन्हा तपासण्याच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

टेलरताई त्यांच्याकडे वळली. चेहरा भिजलेला होता, पण आवाज सरळ होता, शेजारच्या घरी निरोप सांगायला आलेल्या माणसाचा असतो तसा.

"आई गेली, काका."

असा निरोप आला की कुणीही जे विचारतं, तेच काकांच्या तोंडून निघालं.

"कधी?"

तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं.

"आत्ता," ती म्हणाली. "पाच वाजून बारा मिनिटांनी."